रिकाम्या कोनाड्याचा वास

अंबाजोगाईच्या आमच्या जुन्या माळवदाच्या घरात ढाळजेला लागून धान्याची खोली आहे. पूर्वी तिच्यातली बळदे ज्वारीने भरलेली असत. आता चार पोती आणि एक कणगी एवढाच ऐवज उरला आहे. पण तिच्या उत्तरेच्या भिंतीत, जमिनीपासून हातभर उंचीवर, जो एक खोल कोनाडा आहे, त्यातल्या वाकळेच्या तुकड्यावर भुरी नावाची भाटी चौदा वर्षे झोपत आली. आणि तिची लेक मनी, जी त्याच कोनाड्यात जन्मली व आईला सोडून कधी दुसऱ्या घराच्या आश्रयाला गेली नाही, तिच्या पोटाला पाठ लावून नऊ वर्षे निजली. एका वैशाखातल्या पहाटे भुरी कणगीच्या बुडाशी मरून पडलेली आढळली. मनी तिच्यापासून वीतभर अंतरावर थबकून उभी होती. मान लांब करून तिने प्रथम भुरीच्या तोंडाचा वास घेतला, मग कानामागचा, मग शेपटीच्या मुळाचा. नंतर वरचा ओठ किंचित उचलून, तोंड अर्धवट उघडे ठेवून, काही क्षण ती तशीच निश्चल राहिली. त्यानंतर नखे आत ओढलेला पुढचा पंजा तिने भुरीच्या खांद्यावर दोन वेळा अलगद टेकवला, मागे घेतला, आणि आमच्याकडे पाठ करून ती जिन्याने माळवदावर निघून गेली.

भुरीला आम्ही परसातल्या कडुलिंबाखाली पुरले. दोन दिवस मनी कोणाच्या दृष्टीस फारशी पडली नाही. तिसऱ्या रात्री मात्र धान्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी राहून तिने जो लांबट, खालून वर चढत जाणारा आणि शेवटी तुटणारा स्वर काढला, तो त्यापूर्वी आमच्या घरात कोणी ऐकला नव्हता. एकदा कोनाड्याकडे पाहायची, एकदा ओसरीवर निजलेल्या आमच्याकडे पाहायची, आणि पुन्हा तोच स्वर. सलग नऊ रात्री हे चालले. शेजारच्या आजी, ज्यांचे वय नव्वदीला टेकले आहे आणि ज्यांच्या शब्दाला आमच्या गल्लीत अजून मान आहे, चौथ्या दिवशी सकाळी दारात येऊन म्हणाल्या, "आरं बाळा, रातभर रडायलीय ती. घरात मांजर रडलेलं चांगलं नसतंय. हाकल तिला." मी म्हणालो, "आजी, तिची आई गेलीय." आजी क्षणभर गप्प राहिल्या आणि पदराने डोळे टिपून म्हणाल्या, "मग रडू दे बापा. तिला तरी दुसरं कोण हाय?"

आजींच्या त्या दोन वाक्यांमधल्या अंतराने मला या विषयाकडे ओढले. मनीला नेमके काय समजले होते? आई मेली हे, की आई जागेवर नाही एवढेच? आणि जे समजले ते कोणत्या इंद्रियाने? मांजरासाठी माणसाने केलेल्या शोकाची नोंद फार प्राचीन आहे. घरातले मांजर नैसर्गिक मरणाने गेले म्हणजे मिसरी लोक आपल्या भुवया काढून टाकीत, असे हेरोडोटसने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात लिहून ठेवले आहे. परंतु एका मांजराने दुसऱ्यासाठी केलेल्या शोकाची पद्धतशीर चौकशी मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जवळजवळ कोणी केली नाही.

या चौकशीत उतरण्यापूर्वी आमच्या जिल्ह्यातलीच एक हकीकत सांगितली पाहिजे, कारण प्राण्यांच्या मरणशोकाविषयी घाईने निवाडा केला म्हणजे काय होते ते तिच्यात दिसते. माजलगाव तालुक्यातील लवूळ या गावी २०२१ साली वानरांनी कुत्र्यांची पिले उचलून झाडांवर आणि घरांच्या छपरांवर नेण्यास आरंभ केला, त्यातली अनेक पिले मेली, आणि डिसेंबरात वन विभागाच्या नागपूरच्या पथकाने दोन वानरे पकडून नेली. कुत्र्यांनी वानराचे पिलू मारले म्हणून वानरांनी सूड उगवला आणि अडीचशे कुत्री मारली, अशी बातमी जगभर गेली. ज्यांनी गावात जाऊन चौकशी केली त्यांना अडीचशेच्या आकड्याला आधार सापडला नाही. आणि पिले सूडबुद्धीने फेकली गेली, यापेक्षा ती उंचावर नेऊन ठेवली गेली व भुकेने किंवा पडून मेली, हे अनुमान अधिक संभवनीय दिसले. वानराच्या मनात दुःख नव्हते असे मी म्हणत नाही. पण माणसाच्या दुःखाचा जो साचा आहे, अन्याय, संताप, सूड, तो त्याच्यावर जसाच्या तसा बसवण्याचा अधिकार आपल्याला नाही. मनीविषयीही नाही.

वानर आणि मांजर यांची जोडी आपल्या परंपरेने वेगळ्याच कारणासाठी लावलेली आहे. रामानुजांच्या अनुयायांत जो जुना मतभेद आहे तो मर्कटकिशोरन्याय आणि मार्जारकिशोरन्याय या दोन दृष्टांतांनी सांगतात: वानराचे पिलू स्वतः आईला घट्ट धरून राहते, मांजराच्या पिलाला आई तोंडात धरून नेते. भक्ताने देवाला धरायचे की देवाने भक्ताला उचलायचे, हा तिथला प्रश्न. पण ज्या शास्त्रकारांनी हे दृष्टांत योजले त्यांचे निरीक्षण इतके अचूक होते की मरणाच्या प्रसंगीही हा भेद तसाच उमटतो. वानरी मेलेले पिलू अनेक दिवस, कधी ते वाळून कातडे होईपर्यंत, छातीशी धरून हिंडते, कारण पिलाला अंगावर वागवीत चालणे हीच तिची मातृत्वाची रीत आहे. मांजरीची रीत ठेवण्याची आहे, जागेची आहे. ती पिलाला एका जागेवरून उचलते आणि दुसऱ्या जागेवर ठेवते, मेलेल्या पिलाला काही काळ चाटते, एखाद्या वेळी हलवते, आणि मग त्याला सोडून ती जागा मात्र पुन्हा पुन्हा हुंगते. मांजराचे जग अंगाशी बांधलेले नसून जागांशी बांधलेले आहे, आणि त्या जागा ते डोळ्यांपेक्षा नाकाने ओळखते.

'मार्जार' हा शब्दच पाहा. 'मृज्' म्हणजे पुसणे, स्वच्छ करणे. मार्जन, संमार्जन, परिमार्जन हे सगळे त्याच धातूचे कुटुंब. सदैव स्वतःला चाटून पुसून घेणारा तो मार्जार. आपण या चाटण्याला स्वच्छता म्हणतो, आणि ते ती आहेच. पण दोन मांजरे जेव्हा परस्परांचे डोके व मान चाटतात, गालाला गाल घासतात, एकमेकींच्या अंगावर शेपटी ओढीत जातात, तेव्हा ती एक सामाईक वास तयार करीत असतात. गालावरच्या, हनुवटीच्या आणि कानांजवळच्या ग्रंथींतून जे स्राव येतात त्यांचे पाच प्रकार फ्रेंच पशुवैद्य पात्रिक पाझा यांनी वेगळे केले, आणि त्यातला एक तर मुख्यतः ओळखीच्या सोबत्याच्या अंगावरच लावला जातो, असे दाखवले. दाराची चौकट, कणगीची कड, माणसाची पोटरी, सोबतिणीचा खांदा, या सर्वांवर रोज लावल्या जाणाऱ्या या खुणा म्हणजे त्या घराची वहिवाटीची नोंदवही आहे. कोण आपले, कोण परके, कोण सकाळी इथून गेले आणि किती वेळापूर्वी गेले, हे सगळे तिच्यात लिहिलेले असते. आणि ही नोंद रोज ताजी करावी लागते, कारण वास विरतो.

ही वही वाचण्यासाठी मांजराला नाकाखेरीज आणखी एक इंद्रिय आहे. वरच्या दातांच्या मागे टाळूत दोन बारीक छिद्रे असतात आणि ती जेकबसनच्या इंद्रियापर्यंत पोचतात. ओठ उचलून, तोंड अर्धे उघडून मनी जी निश्चल उभी राहिली होती, ती या इंद्रियाकडे भुरीचा वास नेत होती. जे आम्हांला विस्मयाने थिजल्यासारखे वाटले, ते वस्तुतः अत्यंत बारकाईचे वाचन होते.

आणि ते वाचन त्या पहाटे सुरू झालेले नव्हते. भुरीला म्हातारपणी मांजरांना नेहमी होणारा मूत्रपिंडाचा विकार जडला होता. या विकारात जे विष रक्तातून गाळले जात नाही ते श्वासातून बाहेर पडू लागते आणि तोंडाला अमोनियासारखा उग्र दर्प येतो. शिवाय आजारी मांजर स्वतःला चाटणे सोडते, त्यामुळे अंगावरचा तो सामाईक वास दिवसेंदिवस पुसट होत जातो. मरणाच्या तीन आठवडे आधीपासून मनी आईच्या तोंडाजवळ नाक नेऊन झटकन मागे सरत असे, आणि एकदा तर ती आईवर फिसकारली होती. तेव्हा आम्हांला तिचा राग आला. नऊ वर्षे जिच्या पोटाशी झोपली, तिच्या आजारपणात ही अशी वागते! पण पशुवैद्यांना हा प्रकार चांगला परिचित आहे. दवाखान्यातून घरी आणलेल्या मांजरावर घरातलेच सोबती मांजर परक्यासारखे तुटून पडते, कारण औषधांचा, लोखंडी टेबलाचा, अनोळखी हातांचा वास घेऊन जे परत आले ते त्याच्या लेखी दुसरेच कोणी असते. डोळे सांगतात ही भुरी आहे. नाक सांगते ही भुरी नव्हे. आणि मांजराच्या इजलासात नाकाची साक्ष वरचढ ठरते.

मला या सगळ्या विषयाचे मर्म इथेच आहे असे वाटते. आपल्याला मरण हा एक क्षण आहे. श्वास थांबला, नाडी थांबली, वेळ लिहून ठेवली. मांजराला तो क्षण तसा नाही. भुरी वासाने तीन आठवडे आधीपासून घरातून जाऊ लागली होती, आणि तिला पुरल्यानंतरही वासाने ती कोनाड्यात कित्येक आठवडे शिल्लक होती. आजारी देह समोर होता तेव्हा त्यात भुरी पुरती सापडत नव्हती. देह गेला तेव्हा वाकळेच्या तुकड्यात ती जशीच्या तशी सापडत होती. या विसंगतीत मनीने नऊ रात्री काढल्या.

मरणाचा स्वतःचा असा एक वास आहे आणि तो रसायनशास्त्राने नावानिशी ओळखला आहे. मृत देहातील प्रथिने जिवाणूंनी फोडली म्हणजे जी द्रव्ये होतात त्यांतली दोन, प्युट्रेसीन आणि कॅडाव्हरीन, बर्लिनच्या लुडविग ब्रीगर यांनी १८८५ साली वेगळी केली. आमच्याकडच्या वैशाखात, जेव्हा पारा चाळिशीच्या वर असतो, ही क्रिया काही तासांत सुरू होते. काही जीवांच्या बाबतीत अशा एका द्रव्यावरच सगळा व्यवहार चालतो: एडवर्ड विल्सन यांनी १९५८ च्या सुमारास दाखवले की मेलेल्या मुंगीतून येणारे ओलेइक आम्ल जिवंत मुंगीच्या अंगाला लावले, तर बाकीच्या मुंग्या तिला हातपाय हलवीत असतानाही उचलून उकिरड्यावर नेतात. मांजराचे तसे नाही. त्याला वास कळतो, पण वासाबरोबर ऊब कळते, जिची आवड त्याला जन्मापासून आहे. श्वासाची हालचाल कळते. स्पर्शाला मिळणारे उत्तर कळते. मनीने पंजा दोन वेळा टेकवला तो याच उत्तरासाठी, असे मी धरून चालतो. उंदीर मारल्यावरही ती तो असाच पंजाने हलवून पाहते.

यावरून एक विचार सुचतो आणि तो स्पेनच्या तत्त्वज्ञ सुसाना मोन्सो यांनी अधिक व्यवस्थित मांडला आहे. मरणाची कल्पना असण्यासाठी मोक्ष, परलोक, स्वतःचा अटळ अंत, यांतले काहीही कळण्याची गरज नाही. जो जीव अमुक गोष्टी करीत असे तो आता करीत नाही, आणि यापुढे कधी करणार नाही, एवढे कळले तरी ती कल्पना पुरेशी आहे. शिकारी प्राण्याला हे शिकण्याच्या संधी पुष्कळ मिळतात. पेवाच्या तोंडाशी रात्री-रात्री बसून ज्या मनीने शेकडो उंदीर मारले, तिला पळणारा उंदीर, निपचित पडून सोंग करणारा उंदीर आणि मेलेला उंदीर यांतला फरक नक्की माहीत आहे. मात्र उंदराच्या मरणाचे ज्ञान आईच्या मरणाला ती लावते का, हा प्रश्न निराळा. शिकार मेली म्हणजे काम संपले. सोबतीण मेली म्हणजे दिवसातल्या वीस गोष्टींना जोडीदार उरला नाही. पहिल्यात शेवट आहे, दुसऱ्यात नुसता खंड आहे.

जो सोबती दिसत नाही त्याच्याविषयीची अपेक्षा मांजराच्या चित्तात चालूच राहते, असे म्हणायला आधार आहे तो जपानी संशोधकांच्या कामाचा. क्योतो येथील साहो ताकागी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली असे दाखवले की मालकाचा आवाज एका ठिकाणाहून आला आणि लगेच अशक्यप्राय अशा दुसऱ्या ठिकाणाहून आला, तर मांजर चकित होते. म्हणजे मालक दिसत नसतानाही तो आत्ता कुठे असेल याचा हिशेब त्याच्या मनात चालू असतो. पुढल्याच वर्षी त्यांनी आणखी एक गोष्ट सिद्ध केली: एकाच घरात राहणाऱ्या मांजरांना सोबत्याचे नावही माहीत असते. सोबत्याचे नाव उच्चारून पडद्यावर दुसऱ्याच मांजराचा चेहरा दाखवला, तर ती अधिक वेळ त्या चित्राकडे पाहत राहतात, कारण नावाने जागवलेली अपेक्षा मोडलेली असते. हे वाचले तेव्हा मला ओशाळल्यासारखे झाले. भुरी गेल्यावर आमच्या घरात तिचे नाव पूर्वीपेक्षा अधिक वेळा निघत होते, येणारा प्रत्येक जण विचारी, "भुरी गेली म्हणे?" आणि कणगीपाशी बसलेली मनी प्रत्येक वेळी कान वळवी.

अनुपस्थितीचे हे गणित आमच्या जिल्ह्यातल्या मांजरांना दर वर्षी सोडवावे लागते. दसरा-दिवाळी झाली की लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाची उचल घेतलेली नवराबायको, म्हणजे तिकडच्या भाषेत एक कोयता, लेकरांसह निघून जाते, घराला कुलूप लागते किंवा म्हातारी माणसे तेवढी मागे राहतात. शिरूर, पाटोदा, धारूर, वडवणीकडच्या वाड्यांवरून हिवाळ्यात फिरताना बंद दाराच्या उंबऱ्यावर बसलेली मांजरे मी पाहिली आहेत. त्यांचे अन्नाचे कसेबसे भागते, कारण शिवारात उंदीर असतात. पण ती शिवारात राहत नाहीत, उंबऱ्यावर येऊन बसतात. माणसे उन्हाळ्याच्या तोंडी परततात आणि मांजर पायांत घोटाळते. जी सोबत सहा महिन्यांनी परत येते आणि जी कधीच येणार नाही, या दोघींत पहिल्या आठवड्यात कोणत्याही मांजराला फरक कळत असेल असे मला वाटत नाही. आपणही, दारातून कोणी जाते तेव्हा, तो फरक बाहेरून सांगितला जातो म्हणून जाणतो.

आता मोजदादीकडे येऊ. अमेरिकेतील ए.एस.पी.सी.ए. या प्राणिदया संस्थेने १९९६ साली ज्या घरांत एक प्राणी मेला व दुसरा मागे राहिला त्यांची पाहणी केली, तेव्हा सोबती गमावलेल्या मांजरांपैकी ४६ टक्क्यांचे खाणे कमी झालेले आढळले, आणि सुमारे ७० टक्के मांजरे नेहमीपेक्षा जास्त तरी ओरडू लागली किंवा कमी तरी. जेसिका वॉकर, नॅटली वॉरन आणि क्लाइव्ह फिलिप्स यांनी न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियातील १५९ कुत्री आणि १५२ मांजरे यांविषयी मालकांकडून माहिती घेऊन २०१६ साली प्रसिद्ध केली. तीत मांजरांपैकी ७८ टक्क्यांच्या जवळिकीच्या वागणुकीत बदल झाला होता, म्हणजे पुष्कळशी मालकाला अधिक चिकटू लागली. ६३ टक्क्यांच्या जागेशी संबंधित वागणुकीत बदल होता, आणि मृत सोबत्याच्या आवडत्या जागी जाऊन बसणे हा त्यातला ठळक भाग. ४३ टक्के अधिक वेळा आणि ३२ टक्के अधिक मोठ्याने ओरडत होती. कुत्र्यांत खाणे आणि झोप यांवर परिणाम ठळक, मांजरांत आवाजावर. हे बदल बहुधा सहा महिन्यांच्या आत ओसरले. २०२४ साली मिशिगनच्या ओकलंड विद्यापीठातील ब्रिटनी ग्रीन आणि जेनिफर वोंक यांनी ४५० मांजरांची माहिती मिळवली आणि असे दाखवले की दोघांचा सहवास जितका दीर्घ आणि संबंध जितका चांगला, तितके झोप, खाणे व खेळ यांतले बदल अधिक. पण त्यांनीच एक गोष्ट स्पष्ट नोंदवली, जिच्यामुळे त्यांच्याविषयी माझा आदर वाढला: मेलेल्या प्राण्यावर मालकाचा जितका अधिक जीव, तितका मागे राहिलेल्या मांजराचा शोक त्याला अधिक दिसला होता. मांजर बोलत नाही. त्याची जबानी आपणच लिहून घेतो, आणि लिहिणाऱ्याचा हात थरथरत असतो. तरी ज्यात मालकाच्या डोळ्यांतले पाणी आड येत नाही अशा गोष्टीही आहेत: ताटलीत उरलेले अन्न, रात्रीचा आवाज, आणि बसायची बदललेली जागा.

मानववंशशास्त्रज्ञ बार्बरा किंग यांनी प्राण्यांच्या शोकावर २०१३ साली लिहिलेल्या ग्रंथाचा आरंभच विला आणि कार्सन या दोन सयामी मांजरबहिणींपासून होतो. कार्सन गेल्यावर विला तिच्या नेहमीच्या जागा शोधीत विलक्षण स्वरात ओरडत असे. किंग यांची कसोटी मला पटते: केवळ पोटासाठी नव्हे तर आपखुशीने एकत्र राहिलेल्या दोघांपैकी एक मेला, आणि दुसऱ्याची दिनचर्या मोडून त्याला क्लेश झालेला दिसला, तर तो शोक. मांजराच्या बाबतीत यातला 'आपखुशीने' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. त्याचा पूर्वज आफ्रिकेतले रानमांजर. ते एकटेच शिकार करते आणि एकटेच राहते. धान्याच्या कोठारांभोवती उंदीर मुबलक झाले तेव्हा कुठे माद्या आपल्या लेकी-बहिणींसह एकत्र राहू लागल्या. कळप हा त्यांचा जन्मजात नियम नव्हे. म्हणून सगळ्याच जोड्या सोबती नसतात. एका छपराखाली दहा वर्षे राहून एकमेकांना टाळणारी मांजरे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यातले एक गेले तर दुसरे मोकळे होऊन घरभर हिंडू लागते. त्याला निष्ठुर म्हणणे अन्यायाचे होईल.

मांजराच्या रडण्याविषयी एक गोष्ट आजींना मी नंतर सांगितली. मोठी मांजरे आपसांत 'म्यांव' असे सहसा म्हणत नाहीत. गुरगुरणे, फिसकारणे, माजाच्या काळातले ओरडणे निराळे; पण तो साधा म्यांव पिलाने आईपाशी काढायचा असतो, आणि मोठेपणी पाळीव मांजर तो माणसासाठी राखून ठेवते. धान्याच्या खोलीच्या उंबऱ्यावरून मनी कोनाड्याकडे पाहून जो स्वर काढी, त्यात पिलाचे आईला बोलावणे होते, आणि आमच्याकडे वळून तोच काढी तेव्हा तो आम्हांला उद्देशून होता. आपल्याकडे अशा मांजराला अपशकुनी ठरवून काठी दाखवतात, म्हणजे ज्याला ते विचारायला येते तोच त्याला दाराबाहेर घालवतो.

मरण जवळ आल्याचा वासही मांजराला येतो, या समजुतीला ऑस्करमुळे पुष्कळ बळ मिळाले. अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स शहरातल्या स्टीअर हाऊस या शुश्रूषागृहातला हा बोका मरणोन्मुख रुग्णाच्या अंथरुणावर जाऊन बसे, आणि पंचवीसहून अधिक रुग्णांच्या अखेरच्या घटकांना तो असा हजर होता, असे तिथले डॉक्टर डेव्हिड डोसा यांनी २००७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये लिहिले. शरीर झिजू लागले म्हणजे बाहेर पडणाऱ्या द्रव्यांचा वास त्याला येत असावा, हा तर्क भुरीच्या श्वासाशी जुळतो. याहून अधिक त्यातून काढू नये.

ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल त्यांना काही व्यवहाराच्या गोष्टी सांगणे माझे कर्तव्य आहे. पहिली आणि सर्वांत तातडीची ही, की मागे राहिलेले मांजर दोन-तीन दिवस काहीच खात नसेल तर 'दुःखात आहे, खाईल हळूहळू' म्हणून वाट पाहू नये. कुत्रा किंवा माणूस उपाशी राहू शकतो तसे मांजर राहू शकत नाही; अंगातली चरबी यकृताकडे धावते, यकृताला ती पेलत नाही, आणि विशेषतः जाड मांजराचे यकृत काही दिवसांत निकामी होऊ शकते. अन्न थोडे कोमट करून द्यावे म्हणजे वास उठतो; हातावर घेऊन द्यावे. दुसरी गोष्ट, एखादे धडधाकट मांजर अकस्मात मेले आणि दुसरे मलूल झाले, तर त्याला शोक समजण्यापूर्वी विषाची शंका घ्यावी. आपल्याकडे धान्यासाठी उंदीर मारायच्या गोळ्या सर्रास ठेवतात, त्यातले झिंक फॉस्फाइड पोटात गेले की विषारी वायू सुटतो, आणि विष खाल्लेला एकच उंदीर दोघींनी वाटून खाल्लेला असू शकतो. किंवा मांजरांचा पार्व्हो, पॅनल्यूकोपेनिया, असू शकतो, ज्याचा विषाणू जागेवर वर्षभर टिकतो. अशा वेळी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. गरज पडली तर परभणीचे किंवा उदगीरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय फार दूर नाही. संसर्गाने मरण आले असेल तर अंथरूण जाळून टाकावे. पण मरण म्हातारपणाचे असेल, तर मी हात जोडून सांगेन, ते अंथरूण लगेच धुऊ नका, आणि लगेच नवे पिलूही आणू नका.

आम्ही ती वाकळ जागेवरच राहू दिली. दहाव्या रात्री मनी ओरडली नाही. कोनाड्यात चढून, वाकळेत नाक खुपसून निजली, आणि भुरी ज्या बाजूला निजत असे ती बाजू तिने मोकळी सोडली. ज्येष्ठ सरला, मृगाचा पाऊस झाला, ओल धरून वाकळेला बुरशी येऊ लागली, तेव्हा आषाढातल्या एका उघडिपीच्या दिवशी ती धुऊन माळवदावर वाळत घालावी लागली. संध्याकाळी घडी करून पुन्हा कोनाड्यात ठेवली आणि मी दाराआड उभा राहिलो. मनी आली. वाकळेच्या चारही कडा तिने सावकाश हुंगल्या, ओठ उचलून थोडा वेळ थांबली, मग एका कोपऱ्याला उजवा गाल लावला, डावा लावला, हनुवटी घासली. सगळी वाकळ तशी घासून झाल्यावर ती वर चढली आणि या वेळी मधोमध निजली.